गावाच्या नावाचा डॉलर

पाच डॉलरची एक जुनी नोट भिंगाखाली घेऊ. मालिका १८८२ ची. पाठीवरची नक्षी तपकिरी असल्यामुळे संग्राहक तिला ‘ब्राउन बॅक’ म्हणतात. आजच्या डॉलरपेक्षा ती चांगली ऐसपैस आहे. दर्शनी बाजूला डावीकडे जेम्स गारफील्ड यांचं चित्र आहे. १८८१ मध्ये ज्यांच्यावर गोळी झाडली गेली, ते हे राष्ट्राध्यक्ष. इथवर ठीक. पण मधोमध, ठसठशीत अक्षरांत नाव आहे ते एका बँकेचं, आणि तिच्याखाली तिच्या गावाचं आणि राज्याचं. मागताक्षणी पाच डॉलर देण्याचं वचनही ही बँकच देते आहे. वर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे. अमेरिकी सरकारचे रोखे वॉशिंग्टनच्या खजिन्यात ठेवून ही नोट सुरक्षित केली आहे, असं ती सांगते.

आता सह्या मोजा. चार आहेत. दोन छापील, सरकारी अधिकाऱ्यांच्या. खाली डावीकडे आणि उजवीकडे आणखी दोन, खऱ्या शाईने, टाकाने केलेल्या. एक त्या गावातल्या बँकेच्या रोखपालाची, दुसरी अध्यक्षाची. ज्या माणसाकडे गावकरी कर्ज मागायला जात, ज्याच्याशी रविवारी चर्चच्या दारात बोलत, त्याच्या हातची सही देशाच्या चलनावर.

१८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेत अशा नोटा काढणाऱ्या बँका बारा हजारांहून अधिक होत्या. प्रत्येकीची नोट दिसायला सारखी, नाव मात्र वेगळं. आपल्याला नोट म्हटली की रिझर्व्ह बँक आठवते, एकच सही आठवते. एका देशात हजारो बँका नोटा काढतात आणि तरीही त्या सगळ्या एकाच भावाने चालतात, हे ऐकूनच पहिल्यांदा डोकं गरगरतं. ते शक्य कसं झालं, आणि त्यातल्या काही नोटांसाठी आज लोक जीव का टाकतात, याची ही गोष्ट आहे.

सात हजार प्रकारच्या नोटा

१८३६ मध्ये ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची सनद संपली आणि अमेरिकेत मध्यवर्ती म्हणावी अशी बँकच उरली नाही. नोटा काढायचं काम राज्यांच्या सनदीवर चालणाऱ्या खासगी बँकांनी घेतलं. यादवी युद्धाच्या सुरुवातीला अशा दीड हजारांहून अधिक बँका होत्या आणि बाजारात सुमारे सात हजार प्रकारच्या नोटा फिरत होत्या. रंग, आकार, चित्रं, सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे. बनावट नोटांचा तर सुळसुळाटच. एखाद्या दुकानदाराच्या हातात दूरच्या गावची नोट पडली की तिच्यामागे बँक आहे का, असली तर ती अजून उभी आहे का, हे त्याला कळायला मार्ग नसे. म्हणून दुकानात एक छापील पुस्तिका ठेवावी लागे. ‘थॉम्प्सन्स बँक नोट रिपोर्टर’सारख्या या पुस्तिकांमध्ये कुठली नोट खरी, कुठली खोटी, कुठली कितीला घ्यावी याची यादी असे. नोट जितकी दूरची तितकी वटणावळ जास्त. शंभर डॉलर खिशात टाकून निघालेला माणूस दोन राज्यं ओलांडेपर्यंत खिशाला हात न लावताही गरीब होत जाई.

काही बँका तर माणसं सहजी पोहोचणार नाहीत अशा आडरानात मुद्दाम थाटलेल्या. नोट घेऊन कोणी नाणी मागायला येऊच नये, हा हेतू. मिशिगनमध्ये १८३७ नंतर उगवलेल्या बँकांच्या तपासणीच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. तिजोरीतल्या पेट्यांत वर चांदीच्या नाण्यांचा थर आणि खाली खिळे. तपासनीस एका बँकेतून दुसऱ्या बँकेकडे निघाला की तीच नाणी आडवाटेने त्याच्या आधी पुढच्या बँकेत पोहोचत, असंही सांगतात.

युद्धाच्या कर्जातून निघालेला पैसा

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. अब्राहम लिंकन यांचे अर्थमंत्री सॅल्मन चेस यांच्यापुढे दोन प्रश्न होते. सैन्यासाठी अफाट कर्ज उभारायचं होतं, म्हणजे सरकारी रोखे खपवायचे होते. आणि देशभर एकसारखं चालेल असं चलन हवं होतं. चेस यांनी दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंफले. ज्या बँकेला नोटा काढायच्या असतील तिने आधी सरकारचे रोखे विकत घ्यावेत, ते वॉशिंग्टनला खजिन्यात तारण ठेवावेत आणि त्या बदल्यात सरकारने छापलेल्या, तिचं नाव घातलेल्या नोटा घ्याव्यात.

सिनेटमध्ये हे विधेयक २३ विरुद्ध २१ मतांनी, म्हणजे अगदी काठावर पास झालं. २५ फेब्रुवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्यावर सही केली आणि पुढच्या वर्षी, जून १८६४ मध्ये, कायदा नव्याने घडवण्यात आला. पहिली सनद फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेला मिळाली. पण प्रत्यक्षात दार उघडून धंदा सुरू करण्याचा पहिला मान पटकावला आयोवातल्या डॅव्हनपोर्टच्या फर्स्ट नॅशनल बँकेने, २९ जून १८६३ रोजी.

व्यवहाराचं गणित असं होतं. बँकेने एक लाख डॉलरचे रोखे ठेवले की तिला नव्वद हजारांपर्यंतच्या नोटा मिळत. रोख्यांवरचं व्याज बँकेचंच राही. वर त्या नोटा कर्जाऊ देऊन त्यांच्यावरही व्याज मिळे. सरकारला कर्ज मिळालं, बँकेला दुहेरी कमाई, आणि लोकांना? लोकांना मिळाली ती या साऱ्या रचनेतली सर्वांत विलक्षण गोष्ट. बँक बुडाली तरी नोट बुडत नसे. नोटा घेऊन येणाऱ्याचे पैसे सरकार आधी चुकते करी आणि मग तारण ठेवलेले रोखे विकून आपली वसुली करी. खातेदाराची ठेव जाऊ शकत होती, भागधारकाचं भांडवल जाऊ शकत होतं, पण त्याच बँकेची पाच डॉलरची नोट ज्याच्या हातात असेल त्याचे पाच डॉलर शाबूत. सही गावाची, हमी देशाची. मिसिसिपीकाठच्या नोटेकडे बोस्टनच्या दुकानदाराने संशयाने बघायचं कारणच उरलं नाही.

याच काळात आपल्याकडे नेमकं उलटं घडत होतं. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढत असे. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तिचा आणि कलकत्ता-मद्रासच्या बँकांचा तो हक्क काढून सरकारने स्वतःकडे घेतला. अमेरिकेत ज्या युद्धामुळे या नोटा जन्मल्या, त्याच युद्धाने तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरांचा फुगा फुटला आणि त्या तडाख्यात खिळखिळी झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. एकाच युद्धाने तिकडे हजारो बँका उभ्या केल्या आणि इकडे एक जुनी बँक बुडवली.

करवतीसारखा कर

राज्यांच्या जुन्या बँका सहजासहजी नव्या व्यवस्थेत येईनात. त्यांची एक तक्रार नावाचीही होती. नव्या बँकांनी ‘फर्स्ट’, ‘सेकंड’, ‘थर्ड’ असे क्रमांक लावावेत अशी चेस यांची इच्छा. पिढ्यान्‌पिढ्यांची पत असलेलं नाव टाकून नंबर लावून घ्यायला कोण तयार होणार? अखेर जुनं नाव ठेवायला मुभा मिळाली, फक्त त्यात ‘नॅशनल’ हा शब्द हवा. तरीही चालढकल चाललीच. मग काँग्रेसने १८६५ मध्ये हत्यार उपसलं. राज्य बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसवला आणि तो १८६६ पासून लागू केला. इतका कर भरून नोट काढणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा. जुन्या रंगीबेरंगी नोटा बघता बघता बाजारातून गेल्या. १८६५ च्या अखेरीस नॅशनल बँकांची संख्या दीड हजारांच्या वर पोहोचली होती.

या कराविरुद्ध मेन राज्यातल्या व्हीझी बँकेने दाद मागितली. १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते सॅल्मन चेस. म्हणजे ज्यांनी मंत्री म्हणून ही व्यवस्था उभी केली, त्यांनीच न्यायासनावरून तिच्या वाटेतला काटा काढला. त्यांच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये निघालेल्या ‘चेस नॅशनल बँके’ला त्यांचं नाव दिलं गेलं आणि ‘जेपी मॉर्गन चेस’मध्ये ते आजही टिकून आहे.

ह्यू मॅक्युलक यांची कथा याहून गमतीची. इंडियानातल्या एका मोठ्या राज्य बँकेचे ते अध्यक्ष. या विधेयकाला विरोध करायला वॉशिंग्टनला गेले होते. चेस यांनी त्यांनाच नव्या खात्याचे पहिले चलन नियंत्रक केलं. पुढे ते अर्थमंत्री झाले आणि १९०२ च्या मालिकेत वीस डॉलरच्या नॅशनल बँक नोटेवर त्यांचाच चेहरा आला. विरोधकाचा चेहरा नोटेवर यावा, इतका पूर्ण विजय क्वचितच कुठल्या कायद्याला मिळाला असेल.

ताव, कात्री आणि टाक

नोटा बँकेकडे सुट्या येत नसत, तावांत येत. पूर्वीच्या मोठ्या नोटांच्या एका तावात बहुतेकदा चार नोटा असत. रोखपाल आणि अध्यक्ष बसून एकेका नोटेवर सही करीत आणि मग ताव कात्रीने कापीत. कडा वाकड्यातिकड्या कापलेली जुनी नोट दिसली तर समजावं, बँकेतल्या कोणाचा तरी हात घाईत होता.

तावाची ही मांडणी संग्राहकाला फार काही सांगून जाते. सुरुवातीच्या एका नेहमीच्या तावात एक डॉलरच्या तीन नोटा आणि दोनची एकच असे. त्यामुळे दोनची नोट मुळातच एकच्या तिसरा हिस्सा निघाली. त्यात या दोनच्या नोटेवर २ हा आकडा प्रचंड मोठा आणि चक्क आडवा, लोळत पडलेला. संग्राहक तिला लाडाने ‘लेझी ड्यूस’ म्हणतात, म्हणजे आळशी दुक्की. १८७९ मध्ये कागदी डॉलरच्या बदल्यात पुन्हा सोन्याची नाणी मिळू लागली तेव्हा नॅशनल बँकांच्या एक आणि दोनच्या नोटा थांबल्या. म्हणून या दुक्कीवर संग्राहकांचा डोळा असतो.

पहिल्या मालिकेच्या पाठी म्हणजे छोटं चित्रदालनच. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये घुमटाखाली लावलेली मोठमोठी ऐतिहासिक चित्रं पोलादी पट्ट्यांवर कोरून नोटांवर आणली होती. पाचच्या पाठीवर कोलंबस किनाऱ्यावर उतरतो, दहाच्या पाठीवर दे सोतो मिसिसिपीकाठी पोहोचतो, वीसच्या पाठीवर पोकाहॉन्टसचा बाप्तिस्मा होतो आणि शंभरच्या पाठीवर स्वातंत्र्याचा जाहीरनामा मांडला जातो. शेतकऱ्याच्या हातात कॅपिटॉलची चित्रं पोहोचवायला याहून स्वस्त मार्ग सापडला नसता. एवढं बारीक कोरीवकाम बनावट नोटा करणाऱ्यांना जड जाई, हा व्यावहारिक फायदा वेगळाच.

सह्यांमध्ये तर माणसंच भेटतात. पहिल्या मालिकेवर खजिनदार फ्रान्सिस स्पिनर यांची वेलबुट्टीदार सही आहे. नोटा कात्रीने कापण्याच्या कामावर त्यांनी खजिन्यात स्त्रियांना नेमलं आणि सरकारी कचेरीत बायकांच्या नोकरीची वाट मोकळी केली. मेरीलँडमधल्या पोर्ट डिपॉझिटच्या सेसिल नॅशनल बँकेत पतीच्या निधनानंतर एव्हलिन टोम अध्यक्ष झाल्या. बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला अजून वीस वर्षं अवकाश असताना एका बँकेचा कारभार त्या बघत होत्या.

आणि ब्राउन बॅकवरची एक छापील सही: बी. के. ब्रूस. ब्लँच ब्रूस हे १८४१ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. युद्धानंतर मिसिसिपीतून सिनेटवर निवडून गेले आणि १८८१ मध्ये खजिन्याचे रजिस्ट्रार झाले. अमेरिकी चलनावर सही असलेले ते पहिले कृष्णवर्णीय. गुलामगिरीच्या प्रश्नावर पेटलेल्या युद्धाचा खर्च भागवायला ही व्यवस्था निघाली, आणि वीस वर्षांच्या आत एका पूर्वीच्या गुलामाची सही तिच्या नोटांवर आली. नुसत्या सह्या वाचल्या तरी अमेरिकेचा इतिहास समोर उलगडतो, तो असा.

नोटांची घरवापसी

नोटा देशभर फिरणार म्हणजे मळणार, फाटणार आणि बदलून द्याव्या लागणार. १८७४ च्या कायद्याने प्रत्येक बँकेला आपल्या नोटांच्या पाच टक्के रक्कम वॉशिंग्टनला ठेवायला लावली. तिथल्या कचेरीत पोत्यांनी जुन्या नोटा येत. कारकुनांनी त्या बँकेनुसार वेगळ्या काढायच्या आणि ज्या त्या बँकेच्या खात्यावर टाकायच्या. देशात ‘फर्स्ट नॅशनल बँक’ तर शेकड्यांनी. नाव वाचून निवडत बसलं तर दिवस सरायचा. म्हणून नोटेवर त्या बँकेचा सनद क्रमांक छापू लागले. ब्राउन बॅकच्या पाठीवर मधोमध हा क्रमांक एवढा मोठा कोरलेला आहे की तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा लांबूनही वाचता येतो.

पुढे एवढ्यानेही भागेना. १९०२ च्या सुमारास क्रमांकाशेजारी एक अक्षर आलं. एन म्हणजे न्यू इंग्लंड, ई पूर्व, एस दक्षिण, एम मध्य-पश्चिम, डब्ल्यू पश्चिम आणि पी पॅसिफिक किनारा. कारकुनाने आधी अक्षर बघून सहा ढीग करायचे, मग क्रमांक बघून बँका वेगळ्या करायच्या. १९२४ पर्यंत ही पद्धत चालली. आज याच क्रमांकांवर संग्राहकांची सगळी मांडणी उभी आहे. ते एकमेकांना बँकेच्या नावाआधी तिचा सनद क्रमांकच सांगतात.

सनदीची मुदत वीस वर्षांची असे आणि मुदतवाढ झाली की त्या बँकेला नवी मालिका मिळे. यातून मोठी गंमत झाली. १९०१ मध्ये सुरू झालेली बँक १८८२ च्या मालिकेच्या नोटा थेट १९२० च्या पुढेही काढत राहिली, तर शेजारच्या गावातली एक वर्षाने धाकटी बँक १९०२ ची मालिका काढत होती. नोटेवरचं साल बघून तिचं वय ठरवणारा नवखा इथे हमखास फसतो.

जिथे अजून राज्यच नव्हतं

सगळ्यांत चढाओढ असते ती टेरिटरीच्या नोटांसाठी. पश्चिमेकडचे मोठाले प्रदेश तेव्हा पूर्ण राज्यं झाले नव्हते. सोन्याच्या शोधात वसलेल्या डेडवूडच्या फर्स्ट नॅशनल बँकेची जुनी नोट ‘डकोटा टेरिटरी’ सांगते. १८८९ मध्ये नॉर्थ आणि साउथ डकोटा ही दोन राज्यं झाली आणि ते नाव नकाशावरून गेलं. वायोमिंग, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमाचंही तसंच. अलास्कातल्या जुनो आणि फेअरबँक्समधल्या बँकांनी नोटा काढल्या, होनोलुलूच्या बँकेनेही काढल्या. लोकवस्ती तुरळक, बँका लहान, नोटा मोजक्या. त्यांतून शिल्लक राहिलेल्या तर आणखीच थोड्या.

कॅलिफोर्नियाचा बाज न्यारा. सोन्याच्या खाणींवर वाढलेल्या लोकांचा कागदावर विश्वासच नव्हता. युद्धकाळातले सरकारी कागदी डॉलर सोन्याच्या डॉलरपेक्षा कमी भावाने जात, म्हणून तिकडे त्यांना कोणी विचारीना. मग १८७० मध्ये खास कायदा झाला आणि ‘नॅशनल गोल्ड बँका’ निघाल्या. सॅन फ्रान्सिस्को, ओकलँड, सॅक्रामेंटो, सॅन होजे, सांता बार्बरा अशा ठिकाणच्या नऊ बँकांच्या या नोटांवर सोन्याची नाणी देण्याचं वचन होतं. कागद पिवळसर, आणि पाठीवर पसरलेल्या सोन्याच्या नाण्यांचंच चित्र. ज्यांना कागद नको होता त्यांना सोनं दाखवून कागद घ्यायला लावण्याची ही युक्ती. या नोटा इतक्या हातांतून गेल्या की आज सापडणाऱ्या बहुतेक नोटा चुरगळून, झिजून मऊ पडलेल्या असतात.

काही बँकांच्या नोटांना त्यांच्या कहाणीमुळे मागणी येते. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डच्या फर्स्ट नॅशनल बँकेवर ७ सप्टेंबर १८७६ रोजी जेसी जेम्सच्या टोळीने धाड घातली. रोखपालाच्या जागी काम बघणाऱ्या जोसेफ ली हेवूड यांनी तिजोरी उघडायला साफ नकार दिला आणि दरोडेखोरांनी त्यांना ठार केलं. बाहेर गावकऱ्यांनी बंदुका उचलल्या आणि टोळीची धूळधाण उडवली. दरोडेखोरांच्या हाती पुरते सत्तावीस डॉलरही लागले नाहीत.

ताणलं न जाणारं चलन

मग इतकी चोख व्यवस्था मोडली का? तिचं बळ होतं तेच तिचं दुखणं ठरलं. नोटा किती निघणार हे बाजाराची गरज ठरवत नव्हती, सरकारी रोखे किती आहेत आणि ते घेणं किती परवडतं यावर ते ठरत होतं. शरद ऋतूत पीक निघालं की खेड्यापाड्यांत रोख पैशाची मागणी एकदम वाढे, पण रोखे काही पिकांबरोबर वाढत नाहीत. १८८० च्या दशकात सरकारकडे पैसा खेळू लागला आणि त्याने कर्ज फेडायला सुरुवात केली. सरकारच्या दृष्टीने ही चांगली बातमी. पण रोखे कमी झाले तशा नोटाही आटल्या. देश वाढतोय आणि त्याच्या बँकांच्या नोटा कमी होताहेत, असं उफराटं दृश्य दिसू लागलं.

वाटपही विषम होतं. सुरुवातीला एकूण नोटांवर तीस कोटी डॉलरची मर्यादा होती आणि तिचा मोठा वाटा न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडच्या बँकांनी आधीच उचलला होता. युद्धात होरपळलेल्या दक्षिणेच्या पदरी फारच थोडं आलं. दक्षिणेतल्या गावांच्या पहिल्या मालिकेच्या नोटा आज इतक्या दुर्मीळ का, याचं मूळ या वाटपात आहे. १९०० च्या कायद्याने तीन हजारांहून कमी वस्तीच्या गावात पंचवीस हजार डॉलर भांडवलावर बँक काढायला परवानगी दिली आणि रोख्यांच्या पूर्ण दर्शनी किमतीएवढ्या नोटा मिळू लागल्या. त्याबरोबर लहान लहान गावांतून बँकांचं पीक आलं. छोट्या गावांच्या नोटांचे शौकीन या कायद्याला दुवा देतात.

१९०७ मध्ये मोठी घबराट उडाली. लोक बँकांपुढे रांगा लावून उभे आणि नोटा मात्र वाढत नाहीत. १९०८ मध्ये आणीबाणीच्या चलनाचा ऑल्ड्रिच-व्रीलँड कायदा आला. त्या काळच्या नोटांवर सरकारी रोख्यांच्या उल्लेखापुढे ‘किंवा इतर तारण’ अशा अर्थाचे शब्द वाढवलेले दिसतात. १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध सुरू झालं तेव्हा ही तरतूद कामी आली. पण तोवर खरा उपाय ठरला होता. डिसेंबर १९१३ च्या कायद्याने फेडरल रिझर्व्ह व्यवस्था आली. नॅशनल बँकांच्या नोटा तिच्याबरोबरीने आणखी वीस वर्षं निघत राहिल्या. १९२९ मध्ये सगळ्याच नोटांचा आकार लहान झाला, तशा याही लहान झाल्या, आणि रोखपाल-अध्यक्षांच्या सह्या छापील आल्या.

१९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलर केला. खजिन्यातल्या सोन्याची किंमत एका रात्रीत वाढली. त्या नफ्यातून सरकारने नोटांसाठी तारण ठेवता येणारे शेवटचे रोखे १९३५ च्या उन्हाळ्यात फेडून टाकले. तारणच उरलं नाही म्हटल्यावर नोटा निघणं बंद झालं. जी व्यवस्था सरकारच्या कर्जातून जन्मली, ती कर्ज फिटताच संपली.

परत न आलेल्या नोटा

संग्राहकाची दुनिया या शेवटानंतर खुली होते. नोट परत येऊन नष्ट होणं हेच व्यवस्थेला अपेक्षित होतं. म्हणजे आज हाती येते ती प्रत्येक नोट कुठे तरी थांबलेली: बायबलच्या पानांत, पेटीच्या तळाशी, किंवा बँकेच्या अध्यक्षाच्या घरी. नवी बँक उघडली की पहिला ताव, अनुक्रमांक एकचा, अध्यक्ष पुष्कळदा आठवण म्हणून स्वतः ठेवून घेई. कितीतरी गावांची आज माहीत असलेली एकुलती एक नोट अशा घरातूनच बाहेर पडली आहे.

चलन नियंत्रकाचे वार्षिक अहवाल हा या छंदाचा पाया. कोणत्या बँकेने किती नोटा काढल्या, किती परत आल्या, किती बाहेर राहिल्या, हे बँकवार मांडलेलं सापडतं. संग्राहकांनी त्याच्या जोडीला सापडलेल्या नोटांची शिरगणती केली, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की जागा रिकाम्या दिसू लागतात. बँक होती, नोटा निघाल्या, काही परतल्याच नाहीत. पण आजवर एकही दृष्टीस पडलेली नाही. पहिल्या मालिकेतली एक हजार डॉलरची नोट अशीच. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात छपाईच्या पट्ट्यांचे हजारो मूळ ठसे आहेत, त्यामुळे जी नोट कोणी पाहिली नाही तीही दिसायला कशी असेल हे पुष्कळदा कळतं.

नवख्याने सुरुवात १९२९ च्या लहान नोटांपासून करावी. मोठ्या शहरांतल्या बँकांनी त्या भरपूर काढल्या, म्हणून त्या आवाक्यात येतात. पुढे मोठ्या नोटांकडे वळताना सह्या आधी बघाव्यात. बऱ्याच बँकांनी हाताने सही करायचा कंटाळा करून रबरी शिक्के वापरले आणि त्या शिक्क्यांची जांभळी शाई उडून गेली. उडालेल्या सहीवर नवी सही गिरवून किंमत वाढवणारे लबाड आहेत. धुऊन, इस्त्री करून करकरीत केलेल्या नोटाही बाजारात असतात. जाणकार म्हणूनच नोट दिव्यासमोर तिरपी धरून कागदाचा पोत बघतात. मळकी पण प्रामाणिक नोट त्यांना जास्त प्यारी.

किमतीचं शास्त्र साधं आहे: नोटेवरच्या रकमेशी तिचा फारसा संबंध नाही. बड्या शहरातली शंभराची नोट मागे पडते आणि चार वर्षं कशीबशी चाललेल्या बँकेची पाचाची नोट लिलावात तिच्या पुढे निघून जाते. बँक म्हणून जी अपयशी ठरली, संग्रहात तिला सर्वाधिक मान.

एक गोष्ट मात्र या दोन्ही नोटांना सारखीच लागू आहे. या नोटा आजही अमेरिकेत कायदेशीर चलन आहेत. शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या बँकेची पाच डॉलरची नोट आज कोणी पुढे केली तर तिचे पाच डॉलर मिळतील. असं करणारा वेडाच म्हणायचा, पण हक्क अबाधित आहे. नोटांच्या फेडीची जबाबदारी १९३५ नंतर सरकारने आपल्याकडे घेतली, आणि न परतलेल्या नोटा सरकारी कर्जाच्या विवरणपत्रात देणं म्हणून एका वेगळ्या ओळीत मांडल्या गेल्या. लिंकन यांच्या खजिन्याने युद्धासाठी घेतलेलं कर्ज केव्हाच फिटलं. त्या कर्जाच्या भरवशावर निघालेल्या नोटांचं देणं मात्र वहीत उभंच राहिलं. संग्राहक जितक्या निगुतीने नोटा जपतील, तितकं ते फिटायचं आणखी लांबेल.